ताईंनी वाढवलेली जागा

"आधी हात काढा."

कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की ताईंचं पहिलं वाक्य हेच. माऊस सोडायचा, बाजूला सरकून बसायचं. "घाबरलेला माणूसच जास्त नुकसान करतो," त्या म्हणायच्या. मग ओढणीने चष्मा पुसून पडद्याकडे अशा बघायच्या, जशी एखादी बाई उतू गेलेल्या दुधाकडे बघते. राग नाही, आता काय करायचं, एवढंच.

परभणीत माझं लग्नाच्या शूटिंगचं आणि मिक्सिंगचं दुकान आहे. ताई मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. मूळच्या राणीसावरगावच्या. शिकून पुण्याला मोठ्या कंपनीत गेल्या आणि किडन्या निकामी झाल्यावर परत आल्या. डायलिसिस पुण्यातही झालं असतं. का आलात विचारलं तर म्हणायच्या, "तिथं रडायला बी अपॉइंटमेंट लागती."

त्या दिवसभर लॅपटॉपवर असायच्या. गल्लीला वाटायचं, शेअर बाजार करतात. तुमच्याही गल्लीत असतं असं एखादं माणूस, ज्याचं काम कुणालाच कळत नाही. खरी गोष्ट अशी, की जगभरच्या काही लोकांनी मिळून एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम बनवली होती. डिस्कवर कुठली फाइल कुठे ठेवायची हे सांभाळणारा तिचा भाग ताई तरुणपणापासून लिहीत होत्या. पगार नाही, नाव नाही. माझ्या मशीनवर तीच सिस्टीम त्यांनी घालून दिली होती.

लग्नसराईत जागा पुरेना, म्हणून मी काही डिस्का जोडून एकच मोठी डिस्क केली. बरेच महिने मजेत गेले. मग एका दुपारी पाथरीचे एक गुरुजी आले. त्यांच्या मुलीचं लग्न मीच शूट केलं होतं. मुलगी तापाने गेली होती. लग्नाची कॉपी तिच्या सासरी राहिली आणि सासर तुटलं. "एकदा बघायचंय," एवढंच ते म्हणाले.

मी फाइल लावली. मांडव दिसला, नवरदेवाची गाडी दिसली. अंतरपाट धरला आणि चित्र फाटलं. पडदाभर चौकोन नाचले आणि त्यातून पोखर्णीकडच्या कुणाच्या तरी घरचं जावळ सुरू झालं. मामाच्या मांडीवर एक बाळ जीव खाऊन रडत होतं.

गुरुजी बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे आमचं न्हाई."

ताईंना बोलावलं. त्यांनी फाइल दोनदा मागेपुढे करून पाहिली. गुरुजी निघून गेल्यावर मला म्हणाल्या, "तुमच्या जुन्या स्कूटरचा मीटर कसा, सगळे नऊ झाले की पुन्हा शून्यावर जायचा? तसंच झालंय. डिस्कच्या कप्प्यांना नंबर असतात. नंबर लिहायला जेवढी जागा ठेवली होती, ती तुमच्या डिस्कला पुरली न्हाई. मग मशीन फिरून पहिल्या नंबरवर आलं आणि जुन्यावर नवं लिहीत सुटलं."

"कुणी ठेवली एवढीच जागा?"

"मी," ताई म्हणाल्या. "एवढी मोठी डिस्क कुणाकडं असणार हाय, असं वाटायचं तवा."

मला वाटलं, विषय संपला. पण डायलिसिस नसलेल्या दिवशी त्या मला घेऊन एसटीने पाथरीला गेल्या. गुरुजींनी चहा केला. ताईंनी कपाला हात लावला नाही.

"गुरुजी, चूक माझी हाय."

"तुमची कशी, ताई? मशीन हाय ते."

"मशीनला मीच तसं सांगून ठेवलं होतं."

गुरुजींनी कप त्यांच्याकडे आणखी सरकवला. 

त्यानंतर ताई दोन कामांना लागल्या. एक, डिस्कवर जे शाबूत उरलं होतं त्यातून लग्नाचे तुकडे शोधणं. दुसरं, ती मर्यादा काढून टाकणं. दवाखान्यात डाव्या हातात सुया असायच्या, तो हलवायचा नाही; मग उजव्या हाताने एक एक अक्षर. नर्स विचारायची, "ताई, आज काय घेतलं, काय विकलं?" ताई म्हणायच्या, "आज नुसता घाटा."

तपासायला तेवढी मोठी डिस्क त्यांच्याकडे नव्हती. मग लॅपटॉपमध्येच त्यांनी एक खोटी डिस्क तयार केली. म्हणाल्या, "पंगतीत मोठेपणा सांगणारा पाव्हणा असतो ना, तशी हाय ही. सांगायला लय मोठी, आत काहीच न्हाई." नंबर मोठा करणं सोपं होतं. जुन्या, लहान डिस्का मात्र तशाच उघडल्या पाहिजेत, हे अवघड. ही सिस्टीम सांभाळणारे परदेशातले लोक ताईंचं काम चुका दाखवून परत पाठवायचे. त्या पुन्हा लिहायच्या. चेहरा सुजत चालला होता, पावलं चपलेत मावत नव्हती.

तुकडे शोधता शोधता एके दिवशी आवाज सापडला. चित्र नाही, नुसता आवाज. पंगतीचा गलका आणि त्यात एक मुलगी म्हणते, "आधी बाबाला वाढा की." ताईंनी मला तो दहादा ऐकवला. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गुरुजी आले. हेडफोन लावून डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"ही आमची न्हाई. तिची मावसबहीण हाय."

ताईंनी मान खाली घातली. गुरुजीच मग म्हणाले, "तरी द्या, ताई. तिच्याच लग्नातला गलका हाय. असंल ती बी त्यात कुठंतरी."

त्या हिवाळ्यात ताईंचं काम एकदाचं मंजूर झालं. मला त्यांनी "घेतलं त्यांनी" एवढंच सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. उन्हाळा लागायच्या आत त्या गेल्या. राणीसावरगावहून भाऊ आला, सामान टेम्पोत भरलं. लॅपटॉप हातात धरून त्याने मला विचारलं, "ताई ह्याच्यात काय करायची हो?" मी सांगायला लागलो, पण मला ते नीट जमलं नाही.

नव्या सिस्टीमवर मी पुन्हा मोठी डिस्क जोडली. यंदाच्या लग्नसराईत ती भरत भरत त्या जुन्या मर्यादेच्या पुढे गेली. काहीच झालं नाही. मशीन मुकाट्याने कॉपी करत राहिलं. पूर्वी सगळ्यात आधी जिच्यावर नवं लिहिलं गेलं असतं, ती सगळ्यात जुनी फाइल मी उघडली. कुठल्या तरी लग्नातली हळद होती. करवल्या नवरीच्या कानाला, मानेला हळद फासत होत्या आणि ती हसून अंग चोरत होती. बाहेर गिऱ्हाईक हाक मारत होतं. मी ती शेवटपर्यंत पाहिली.