काढून टाकलेली राणी

प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या सुलक्षणाला मेहरूणच्या गल्लीत सगळे ‘मॅडम’ म्हणत, आणि तिला ते आवडायचं. पाल विषारी का बिनविषारी, हे विचारायला बायका तिच्याकडेच यायच्या.

म्हणून लेक पुनमने साक्रीजवळच्या शेतातून मुंग्यांचं वारूळ आणायचं ठरवलं, तेव्हा सुलक्षणा आनंदाने सोबत गेली. शेतावर काम करणाऱ्या चैत्रामने बांध हळूहळू उकरला आणि मातीसकट मुंग्या काचेच्या बरणीत घातल्या.

“हाई मोठी दिखस ना ताई, हाई बठ्ठासनी माय शे,” तो म्हणाला. “तिले जपा.”

म्हणे सगळ्या मुंग्यांची आई! सुलक्षणा नुसती हसली. बिनशिकल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून हसतात, तसं.

घरी तिने पुनमला भिंगातून बघायला शिकवलं. कमरेला गाठी किती, डोकं केवढं, हे पाहून जात ओळखायची. पुनम बाजरीचे दाणे टाकायची, कापूस ओला ठेवायची, वहीत अंडी मोजून लिहायची.

एके दुपारी पुनम शाळेत असताना सुलक्षणा बरणी पुसत होती. काचेला ती मोठी मुंगी चिकटून बसली होती. इतक्या बारक्यांत हे एवढं धूड! दुसरीच कुठली तरी जात, आत शिरून अंडी खात असणार. दादर ज्वारी निवडताना खडा काढावा, तशी तिने ती चिमट्याने उचलली आणि परसात टाकली. कमरेच्या गाठी मोजायचं तिच्या मनातही आलं नाही.

तीन आठवड्यांनी पुनमच्या ओळखीचे योगेंद्र सर, कॉलेजातून निवृत्त झालेले, फोनवर म्हणाले, “नवी अंडी नाहीत? राणी बघ आधी. अशी दिसते.” त्यांनी पाठवलेला फोटो सुलक्षणाने पुनमच्या खांद्यावरून पाहिला. परसात टाकलेली ती मोठी मुंगी हीच.

“खाली मातीत असेल,” ती म्हणाली.

आठ दिवस ती एवढंच म्हणत राहिली. बरणीत रोज दोन-चार मुंग्या मरून पडत. पुनमचं जेवण कमी झालं.

“त्या रविवारी मी कापूस भिजवायला विसरले होते, आई. माझ्यामुळेच मेली राणी.” तिने वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं: चूक माझी.

ती ओळ वाचून सुलक्षणाला पोरीकडे बघवेना. पोरीने न केलेली चूक कबूल केली होती, आणि आपण केलेली गिळून बसलो होतो.

“कापसाचं काही नाही गं,” ती म्हणाली. “राणी मी काढून टाकली. परसात. मला वाटलं, दुसरी जात आहे.”

पुनमने बरणीकडे पाहिलं.

“चैत्रामदादांनी सांगितलं होतं ना तुला?”

“हो.”

“मग?”

“मला वाटलं, त्याला काय कळतंय.”

पुनमने वही पुढे ओढली. ‘माझी’ खोडलं आणि पेन आईच्या हातात दिलं. सुलक्षणाने स्वतःचं नाव लिहिलं. मुलगी बघत होती, म्हणून अक्षर नीट काढावं लागलं.