हेतू स्पष्ट करावा

तालुक्याच्या कचेरीत मी आवक-जावकच्या टेबलावर बसते. एक सही राहिली, एक झेरॉक्स पुसट निघाली, की अर्ज परत. लोक माझ्या पाठीमागे काय बोलतात ते मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानच होता. नियम सगळ्यांना सारखा, हे माझं पालुपद.

एका सोमवारी रांगेत चौथे माझे बाबा उभे होते. धुवट धोतर, हातात प्लास्टिकची पिशवी. सकाळी माझ्याच हातचा चहा प्यायले होते, पण कचेरीत येणार असं अवाक्षर बोलले नव्हते. मी बसनं निघाल्यावर ते मागच्या जीपनं आले. नंबर लागल्यावर टेबलाशी वाकून म्हणाले, "म्याडम, डोंग्याचा परवाना पायजे."

शेजारच्या टेबलावरचे कारकून तोंडावर रुमाल धरून हसले. मी नाही हसले.

आमच्या डोंग्याला कधी कागद लागला नव्हता. बाबांनी त्याच लाकडी डोंग्यातून तीस वर्षं वैनगंगेवर लोकांची ने-आण केली. मग पूल झाला, आणि डोंगा अंगणात मोहाच्या झाडाखाली पालथा पडला. त्याच्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालत. आता नुसत्या हौसेखातर नदीत नाव घालायची म्हटलं तरी आमच्या कचेरीची परवानगी लागते. नावेची तपासणी, मच्छीमार सोसायटीची नाहरकत, माणशी एक लाइफ जॅकेट, आणि नाव चालवणाऱ्याला पोहता येतं याचा दाखला.

"मी जित्ता आहो, हाच दाखला," बाबा म्हणाले. पण दाखला त्यांनी आणला होता. सगळंच आणलं होतं. फक्त 'वापराचा हेतू' या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला होता: फिरणे.

"काका, मासेमारी लिहा, लवकर होते," शेजारचे कारकून कुजबुजले.

"मी मासे धरत नाई. खोटं काऊन लिहू?"

मी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि नियमाप्रमाणे त्रुटीपत्र तयार केलं. 'सदर अर्जातील हेतू मोघम आहे. तो स्पष्ट करावा.' रात्री जेवताना विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण कचेरी घरी न्यायची नाही, हाही माझाच नियम. बाबाही घरी गप्प. पोरीचा वशिला लावला असं कोणी म्हणू नये, एवढीच त्यांची काळजी. साहेब दौऱ्यावर होते, पत्र सहीसाठी पडून राहिलं आणि मग टपालानं गेलं. यात तीन आठवडे गेले.

एका शनिवारी मला सुट्टी होती, तेव्हा पोस्टमन ते पत्र आमच्याच दारात घेऊन आला. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. डोळ्यांनी नाही, बोटांनी. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली कडेकडेनं कमी होत जाईल, असं ते म्हणाले होते.

"काय लिहिलं आहे साहेबानं? वाचून दाखव," बाबा म्हणाले.

मी माझंच पत्र मोठ्यानं वाचलं. वाचताना ते कोणा दुष्ट माणसानं लिहिल्यासारखं वाटलं.

"मंग लिहून दे साहेबाले," बाबा म्हणाले आणि मी कागद घेतला. ते आईकडे न बघता सांगू लागले. "तीस वर्षं मी साऱ्या दुनियेले डोंग्यातून गाव दाखोलं. हिले मात्र नेहमी मंधात, खाली बसोलं. सवारी कडेले बसे, अन घरचं माणूस सामानात. बकऱ्या, पोते अन लोकायचे गुडघे, एवढंच पाह्यलं हिनं. आता हिचे डोळे जाऊन राह्यले. एकडाव हिले समोर बसवून पाण्यातून गाव दाखवाचं आहे. बस, हाच हेतू."

मी 'उपरोक्त विषयास अनुसरून' एवढं लिहिलं होतं. ते खोडलं आणि बाबा बोलले तसंच्या तसं उतरवलं.

"असं लिहितेत का साहेबाले?" आई म्हणाली. तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवायला हात नेला आणि पाण्याचा गडवा कलंडला. तो तिच्या डाव्या हाताशीच होता. महिन्याभरापूर्वी तिला तो दिसला असता. त्यातले तीन आठवडे माझे होते. मला माझाच असा राग आला की पाणी पुसता पुसता मी रडले, आणि बाबा मलाच समजावत बसले की बाई, नियम आहे, तू काय करशील.

साहेबांनी उत्तर दोनदा वाचलं आणि सही केली. परवान्यावर नऊ अटी होत्या. सूर्योदयाआधी व सूर्यास्तानंतर नाव नेऊ नये. धरणाचं पाणी सोडलं असता नेऊ नये. दोघांहून अधिक माणसं नसावीत. सातवी अशी: प्रवाशाने चालू नावेत जागा अथवा दिशा बदलू नये. बाबांनी सगळ्या अटी पाठ केल्या आणि आईकडूनही करून घेतल्या.

थंडीतली सकाळ होती. बंडीवर नारिंगी जॅकेट घातलेले बाबा, लुगड्यावर नारिंगी जॅकेट घातलेली आई. मी परवाना हातात धरून काठावर उभी. बाबांनी आईला पुढच्या फळीवर बसवलं, नदीच्या मध्यावर जाऊन डोंग्याचं तोंड गावाकडे वळवलं आणि मागून बांबू टेकत एकेक दाखवू लागले. ती शाळा. ते देऊळ. ते आपलं मोहाचं झाड. आई नजरेच्या लहानशा गोलात एकेक पकडत मान फिरवत होती. हो म्हणत होती.

मग तिनं दोन्ही कडा धरल्या, जरा उठली, आणि फळीवर पूर्ण उलटी फिरून बसली. गाव तिच्या पाठीमागे गेलं. डोंगा हलला.

"अवो, दिशा बदलाची नाई. सातवी अट आहे," बाबा घाबरून म्हणाले. "गाव तिकडं आहे."

पाण्यावरून आईचा आवाज स्वच्छ आला.

"गाव पाह्यलं मी. डोंगा चालवतानी तुमाले कदी पाह्यलंच नाई."

बाबांचा बांबू तसाच पाण्यात राहिला. काठावर मी परवान्याची घडी घातली आणि पिशवीत अगदी तळाशी ठेवून दिली.