खंड्याचा अर्क

नाव : धोंडीबा. राहणार मौजे माजिवडे, जिल्हा ठाणे. हुद्दा : जंगलखात्यातल्या एका साहेबाच्या पदरी कुत्रेवाला. वर्तणूक चांगली. अपत्य नाही. खासगी जिंदगी : बायको शेवंती आणि खंड्या नावाचा एक गावठी कुत्रा.

सन १८९० च्या सुमारास अडचण अशी होती की साहेबाच्या विलायती हेक्टरपासून एकाही कुत्रीला पिल्लं होत नव्हती. त्याच सुमारास पॅरिसातल्या एका वृद्ध पंडिताने कुत्र्याच्या वृषणांचा रस स्वतःला टोचून घेऊन तारुण्य परतल्याची द्वाही फिरवली होती. साहेबाच्या डॉक्टर मित्राने ते वाचलं. माणसाला चालतं ते कुत्र्याला का चालू नये, हा विचार शास्त्राला धरूनच होता.

डॉक्टरचे कंपाउंडर त्र्यंबकराव धोंडीबाला म्हणाले, "हेक्टरला अंडाचा अर्क टोचायचाय. माल ताजा हवा. बघ कुठे मिळतो."

दुसऱ्या दिवशी धोंडीबा टोपलीभर अंडी घेऊन हजर. "एकदम ताजी हायेत, रावसाहेब. घरच्या कोंबड्यांची."

त्र्यंबकराव पोट धरून हसले. "अरे गाढवा, कोंबडीचं अंडं नव्हे! कुत्र्याचं अंड. ज्याला पोरं होतात अशा कुत्र्याचं!"

धोंडीबाही हसला, आणि हसता हसता बोलून गेला, "मंग आमचा खंड्या बगा की! माजिवड्यातली निम्मी पिल्लं त्याच्याच तोंडावर गेल्यात." घरात पाळणा न हललेल्या माणसाला मिरवायला तेवढंच होतं.

त्र्यंबकरावांचं हसू थांबलं. "मग उद्या घेऊन ये त्याला."

"पन काडून घेतल्यावर त्यो बाप कसा हुनार?"

"झालाय की तो. आता हेक्टरची पाळी."

शेवंती घरी म्हणाली, "सांगा साहेबाला, पळाला म्हनून. कोन बघाया येतंय?" पण वर्तणूक चांगली, हे वर आलंच आहे.

खंड्या परक्याला अंगाला हात लावू देईना, तेव्हा धरायला धोंडीबालाच बसवलं. खंड्याला वाटलं, गोचिड्या काढायच्यात. तो आपणहून उताणा झाला.

जखम चिघळून तो त्याच आठवड्यात गेला. हेक्टरला सुईच्या जागी गळू झालं. पिल्लं झाली नाहीत.

डॉक्टरने साहेबाला कळवलं : 'प्रयोगार्थ देशी कुत्रा एक, कुत्रेवाल्याने राजीखुशीने दिला. मृत जनावराची विल्हेवाट रीतसर लावण्यात आली.'

ती धोंडीबाने लावली. खाडीकाठच्या त्या जमिनीत हातभर खणलं की पाणी लागतं. पहिले दोन खड्डे भरून गेले. तिसऱ्यात त्याने खंड्याला पाण्यातच ठेवलं.