रिकामी झोळी

देवाला हात जोडते मी, पण अंगात येणं, उतारे, नजर… असल्या गोष्टींना आजवर हसतच आले. आमच्या गोरेगाव तालुक्यात कोणालाही विचारा. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लावली.

स्वाइन फ्लूची साथ आली होती ते साल. साथीत दोन जिवांच्या बायकांनाही त्या तापाच्या गोळ्या देत होते. पण पोटातल्या लेकराला त्यानं काही अपाय होतो का, हे नक्की कोणालाच माहीत नव्हतं. त्याचाच अभ्यास करायला एक डॉक्टर ताई आमच्या भागात फिरायच्या. गोळ्या घेतल्या का, लेकरू पुढं कसं निघालं… घरोघरी विचारायच्या. बाया परकीशी बोलेनात, म्हणून मी सोबत. मला काय, बोलायला सुरुवात करून दिली की झालं!

एका तांड्यावर शेवंता नावाची पोटुशी बाई म्हणाली, "घेतल्या की समद्या." तिचं थोरलं पोरगं अंगणात कोंबडीमागं पळत होतं, आढ्याला त्याची निजायची झोळी रिकामी टांगलेली. ती हलायला लागली… लेकराला जोजवावं तशी. दार लोटलेलं, लाइट गेलेली, वारा नाही. तेवढ्यात आतून सासू ओरडली, "काहून खोटं बोलून राहिली गं? गरम पडतात म्हणून चुलीत घातल्या न् तूच!" शेवंता पदर तोंडाला लावून हसली. झोळी थांबली.

मी म्हटलं, वर उंदीर असेल. पण पुढच्या वस्तीवर तेच, त्याच्या पुढंही तेच. बाई खरं बोलली तर झोळी गप्प. उगीच खोटी मान डोलावली, की हलली. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मावशी, हे मी कुठं लिहू?"

माझी लेक सुनीता तेव्हा दुसऱ्या बाळंतपणाला माझ्याकडेच आलेली. सातवा महिना, आणि तिला ताप भरला! सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणल्या. दुपारी नातीला कडेवर घेऊन मी विचारलं, "घेतली का गं?"

"घेतली."

नातीची झोळी हलली. मी तिच्या उशीखाली हात घातला… पाकीट जसंच्या तसं.

"गरम पडली तर? त्या शेवंतानं चुलीत घातल्या, तूच हसत सांगितलंस न् आई!"

"काही होत न्हाई. खात्रीची गोळी हाय, घे."

झोळी अशी हलली की आढ्याची दोरी करकरली. सुनीतानंही पाहिलं; झोळ्यांचं सगळं मी तिला सांगितलेलंच होतं. मग मी खाली बसले.

"मला माहीत न्हाई, सुनी. ताईलाबी न्हाई. म्हणून तर आमी दारोदार विचारून राहिलो. पण या तापाची भीती मला गोळीपेक्षा जास्त हाय. दवाखान्यातले डॉक्टरबी तेच म्हणले. इतकंच खरं हाय."

झोळी थांबली. सुनीतानं तिच्याकडं पाहिलं, माझ्या हातातलं पाकीट घेतलं. मग म्हणाली, "आण पाणी."

पोरगी झाली, धडधाकट. ताई विचारायला आल्या तेव्हा त्याच झोळीत निजली होती.

ते काय होतं? वारा, उंदीर, माझ्या जिवाची घालमेल… सगळं लावून पाहिलं, एकही बसत नाही. झोळी मी धुऊन पेटीत ठेवून दिली. तरी आजही आजारी माणसाजवळ बसून "काही होत नाही" म्हणायची वेळ आली, की आधी नजर आढ्याकडं जाते… आणि शब्द तोंडातच राहतो.