शंभर भाग

"आमची वासू गेली, डॉक्टर." नवापूरहून वासंतीबाईंच्या भावाने फोनवर एवढेच सांगितले. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. त्याला आता पाच आठवडे झाले.

वासंतीबाई पालघरजवळच्या आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होत्या; मी तिथला वैद्यकीय अधिकारी. तापाच्या रुग्णाचे रक्त काचपट्टीवर घेऊन त्यात हिवतापाचे जंतू शोधणे हे त्यांचे काम. सूक्ष्मदर्शकाचे खालचे भिंग शंभरपट मोठी प्रतिमा नळीत उभी करते. वरचे भिंग त्या प्रतिमेला आणखी दहापट करते. गुणाकार हजार. मात्र जितके मोठे दिसते, तितका डोळ्यांसमोरचा रक्ताचा भाग लहान होतो. म्हणून पट्टी सरकवत असे शंभर भाग पाहायचे आणि मगच "जंतू नाहीत" म्हणायचे. नव्याण्णवावर त्या कधी उठल्या नाहीत.

एकदा मी पंधरापट करणारे वरचे भिंग आणले. "सायेब, चष्म्याचा नंबर वाढला काय?" त्या हसल्या. त्याच दुपारी वीटभट्टीवरची एक गरोदर बाई तापाने फणफणत आली. तिला पाड्यावर नेणारी जव्हारची एस.टी. सुटायला आली होती. मी वासंतीबाईंना उठवले, नवे भिंग लावून स्वतः बसलो, शंभर भाग मोजले आणि बाईला जायला सांगितले.

वासंतीबाईंनी जुने भिंग लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ब्याऐंशीव्या भागात जंतू सापडला. "तुमी शंभर मोजले, पन भागच लहान झाले ना, सायेब. मोठं दिसलं, पन रगत कमी पायलं." खालच्या भिंगाने न टिपलेला बारकावा वरचे भिंग देऊ शकत नाही, ते आहे तेच ताणते. हे मला ठाऊक होते.

एस.टी. गेली होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने, गोळ्या घेऊन, वासंतीबाई तिच्या पाड्यावर गेल्या. बाई वाचली. पोटातले मूल गेले. तपासणीच्या दुपारीच मी नोंदवहीत लिहिले होते : रुग्ण अहवालासाठी न थांबता निघून गेली.

गेल्या रविवारी मी नवापूरला जाऊन आलो. भाऊ म्हणाला, "वासू मनायची, सायेब लय कडक हाय, पन खोटं लिवनार नाय." मी चहा घेतला...

ती बाई थांबायला तयार होती. तिला मी पाठवले. हे आज लिहितो आहे. नोंदवही वासंतीबाईंच्या टेबलावर असे. रोज संध्याकाळी त्या दिवसाची प्रत्येक ओळ वाचून त्या खाली सही करीत. त्या दिवसाखालीही त्यांची सही आहे.