मायनसची वायर

वडिलांची काळी, गोल दिव्यांची मोटार मी विकली नाही, यावरच शेलूबाजारजवळच्या आमच्या गावात माझी ऐट चालते. लग्नसराईत मागेल त्या नवरदेवाला ती फुकट देतो. नावाची हौस मला पहिल्यापासून.

तिची बॅटरी संपली तेव्हा दुकानातली सगळ्यात मोठी घ्यायला निघालो होतो. अडवलं बौद्धवाड्यातल्या काकांनी. बस आगारात जन्मभर वायरिंगचं काम केलेला हा माणूस. म्हणाले, "मोठ्या पोटाची कायले घेता, भाऊ? हा जुना डायनॅमो तिले भरू शकत नाई. कायम अर्धपोटी राहीन. याले झेपन तेवढीच घ्या."

त्यांनीच निवडली, त्यांनीच बसवली. मग दर महिन्याला स्वतःहून यायचे. प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर घालायचे, टर्मिनलवरची पांढरी भुकटी गरम पाण्यानं धुऊन वर व्हॅसलीन लावायचे. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर मायनसची वायर काढून ठेवायची, हेही त्यांनीच शिकवलं. चहा ते ओट्यावर घेत. आपण काही मानत नाही, असं मी मित्रांना सांगायचो, पण काकांना 'आत या' कधी म्हटलं नाही.

मागच्या एप्रिलात त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं. "चौदा तारखेले जयंतीच्या मिरवणुकीत मोटार देता काय, भाऊ? पुतन्याची पिकअप हाय, पन तसबीर मोटारीत शोभन."

ओठावर आलेलं 'हो' मी गिळलं. भावकीतले चार चेहरे डोळ्यांपुढे आले होते. "द्याले काय, काका, पन बॅटरीच उतरली ना," मी म्हणालो. ते गेल्यावर बॉनेट उघडून मायनसची वायर काढली. खोटं पुरं पाडायलाही त्यांचीच शिकवण कामी आली.

तासाभरात ते परत आले. सायकलच्या कॅरियरला पुतण्याच्या पिकअपची काढून आणलेली बॅटरी दोरीनं बांधली होती. चेहरा उतरलेला. "म्या निवडलेली बॅटरी एवढ्या लवकर बसली, म्हनजे माह्यंच चुकलं असन, भाऊ."

त्यांनी पिशवीतून चार्ज मोजायची काचेची नळी काढली. एकेका खान्यातलं पाणी तीत ओढून पाहू लागले. दर वेळी आतला तरंगता काटा हिरव्या पट्ट्यापर्यंत येत होता. सहाही खाने भरलेले होते. मग त्यांचं लक्ष मोकळ्या वायरकडे गेलं. रुमालानं टर्मिनल पुसलं, वायर बसवली, पान्यानं नट आवळला.

"बॅटरी चांगली हाय, भाऊ."

किल्ली माझ्या खिशात होती. 'घेऊन जा' म्हणायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी विचारलं, "चहा?" ते नको म्हणाले आणि सायकल वळवली. माझी मलाच किळस आली.

चौदा तारखेला तसबीर पिकअपवरून गेली. मी दार लोटून घरात बसलो. अंगणात मोटार उभी होती, एका किल्लीत सुरू होईल अशी.

पुढच्या महिन्यात काका ठरल्या दिवशी आले. मला वाटलं होतं, येणार नाहीत. पाणी घातलं, टर्मिनल धुतलं, व्हॅसलीन लावलं. हात पुसत ते ओट्याकडे वळले तेव्हा मी म्हणालो, "काका, आत या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानंही नाही. "आता कायले, भाऊ?" म्हणाले आणि नेहमीच्या जागी बसले.

मी चहा ओट्यावर नेला.