गिरणीतले किडे मेले नव्हते

तारनाक्याच्या दोन खोल्यांत एकनाथराव कंधारकर एकटेच राहत. बायको गेली, मुलगा गौतम कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला उडाला, आणि रावांशी बोलणारं म्हणून उरला तो रविवारचा फोन. दहाच मिनिटांचा, पण त्यावर ते आठवडा काढत. काय बोलायचं ते शनिवारीच ठरवून ठेवत.

उभी हयात त्यांनी पिठाच्या गिरणीत धुरी देण्यात घालवली. गिरणीच्या फटी बुजवायच्या, आत सायनाइडचा विषारी वायू सोडायचा आणि पिठातले किडे मारायचे. लोक त्यांना 'किडेमार' म्हणत. या हुन्नराचं कौतुक जन्मात कुणी केलं नाही. अठ्ठ्याण्णव साली पोराने फोनवर केलं, ते असं.

"बाबा, तुम्ही यातले एक्स्पर्ट. इंटरनेटवर वाचलं, जर्मनीवाल्यांनी ज्यूंना गॅसने मारलंच नव्हतं. कपड्यांतल्या उवा मारायच्या खोल्यांत, भिंतींना सायनाइड भरपूर. माणसं मारली म्हणतात तिथे नावाला. सायन्सच आहे ना हे?"

"सायन्स नक्को शिकवू मला!" राव कडाडले. "किडा चिवट असतो बाप्पा. त्याला कितीतरी जास्त वायू लागतो, तोही तासन्‌तास. माणूस थोडक्यात जातो, मिनिटांत. मग भिंतीत मुरणार किती? आणि नीट तपासलं तेव्हा तिथेही अंश सापडलेच."

"हे पुस्तकातलं. माणसाचं तुम्हाला काय ठाऊक?"

राव अडले. गप्प बसावं, तर पोरगा ते खोटं उराशी धरून बसणार. बोलावं, तर हा फोनही कदाचित तुटणार.

"आमचा हमाल यादगिरी," ते म्हणाले. "सहासष्ट साल. 'डब्बा भूल गया साब, यूं गया यूं आया,' म्हणत आत शिरला. चार पावलांवर पडला. त्या दिवशी वायू फटींतून गळून विरळ झाला होता, गौतम. उघडून पाहिलं तर किडे जिवंत होते. माणूस मेला होता."

"तो तर हार्ट अटॅकने गेला ना?"

"तसा कागद मालकाने केला. त्यावर सही माझी आहे."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पुढचे दोन रविवार घंटा वाजली नाही. राव दूध आणायलाही बाहेर पडले नाहीत. आपण म्हातारपणी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्यांना वाटत राहिलं, आणि रडूही आलं.

तिसऱ्या रविवारी फोन आला.

"बाबा, तिथे इंटरनेटवर मी लिहून टाकलं, गॅसने मारलंच नाही हे खोटं आहे म्हणून. तुमचं कारण दिलं."

रावांना हायसं वाटलं. ते काही म्हणणार, तोच गौतमने विचारलं, "यादगिरीच्या बायकोला सांगितलंत?"

ती त्याच शहरात, गौलीगुड्यात राहत होती. थेट बस होती.

"नाही," राव म्हणाले. "ती अजून नातवंडांना पळू देत नाही. म्हणते, आमच्या घरात काळीज कमजोर आहे."